इसबाचं मलम आणि थांबायची तारीख

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगाव आणि वारूळवाडीच्या शिवारात पावसाळ्यात टोमॅटोची तोडणी सुरू असते, तेव्हा बांधावर, कालव्याच्या कडेला, घराच्या मागच्या मोकळ्या जागेत गाजर गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. ते उपटताना, किंवा नुसतं त्याच्या जवळून रोज ये-जा करताना, काही जणांच्या पापण्यांना, मानेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते. कातडी लाल होते, ओलसर होते, पुढे जाड आणि खरखरीत होते. हा इसब.

मग डॉक्टर एक ट्यूब लिहून देतात. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात चट्टा विरतो. औषधाला गुण आला म्हणून ती ट्यूब फळीवर जपून ठेवली जाते. गवत मात्र बांधावर तसंच असतं, त्यामुळे चट्टा पुन्हा उठतो आणि फळीवरची ट्यूब पुन्हा हातात येते. ट्यूब संपली की रिकामी ट्यूब मेडिकलच्या दुकानात दाखवून नवी आणली जाते. डॉक्टरांनी आठवड्यासाठी दिलेलं औषध असं दोन-दोन वर्षं चालतं. इसबाच्या मलमांचे बहुतेक अपाय या फेऱ्यात घडतात. ते का घडतात हे कळलं, तर ते टाळणं अवघड नाही.

मलमात असतं काय?

इसबावर सर्वात जास्त दिली जाणारी मलमं स्टिरॉइडची असतात. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रोज तयार करतात. शरीरातली सूज आणि दाह आटोक्यात ठेवणं हे त्याचं एक काम. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच घराण्यातलं कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णांना दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. दोनच वर्षांनी हेंच यांना केंडॉल आणि राइशस्टाइन या शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालं. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपात त्वचेवर वापरून दाखवलं. तोवर इसबावर डांबराच्या लेपांसारखे उपाय चालत. त्वचारोगाच्या उपचारात एवढा मोठा बदल क्वचितच झाला असेल.

पुढच्या काळात याहून कितीतरी तीव्र औषधं आली: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन आणि अतितीव्र क्लोबेटासोल यांच्या ताकदीत शेकडो पटींचा फरक आहे. ही ताकद मोजायची एक पद्धत मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२ साली मांडली. औषधाचा अगदी पातळ द्राव हाताच्या आतल्या बाजूला लावायचा आणि काही तासांनी तिथली कातडी किती पांढरी पडते ते पाहायचं. औषधाने रक्तवाहिन्या आकसल्या की त्वचा फिकट दिसते. जेवढी फिकट, तेवढं औषध तीव्र.

या पांढऱ्या ठिपक्यात मलमाचा गुणही दिसतो आणि पुढे होणारा अपायही.

गुण आणि अपाय एकाच कामाचे

स्टिरॉइडचं मलम त्वचेत मुख्यतः तीन गोष्टी करतं. रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाते. त्वचेतल्या संरक्षक पेशींना शांत करतं, म्हणून खाज आणि सूज जाते. पेशींची वाढ मंद करतं, म्हणून जाड झालेली कातडी पुन्हा मऊ होते. आजारी त्वचेला या तिन्हींची गरज असते. पण त्वचा बरी झाल्यावरही मलम चालूच राहिलं, तर ते निरोगी त्वचेवरही हीच तीन कामं करत राहतं.

पेशींची वाढ आणि त्वचेला बळ देणाऱ्या कोलॅजनची निर्मिती मंदावत गेली की कातडी पातळ होते. ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसू लागते, खालच्या निळसर शिरा आणि लाल केशवाहिन्यांची जाळी उमटते. साध्या घासण्याने काळेनिळे डाग पडतात. जांघेत, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला ओरखड्यासारखे रुंद पट्टे उठतात. पातळ झालेली त्वचा मलम थांबवल्यावर बरीचशी भरून येऊ शकते, पण हे पट्टे फिकट झाले तरी जात नाहीत. अंगावरून ते कायमचे पुसणारं औषध नाही.

संरक्षक पेशी सतत शांत ठेवल्या की जंतूंना आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. रक्तवाहिन्या महिनोन्‌महिने आकसून ठेवल्या आणि मलम एकदम बंद केलं, तर त्या उलट जोराने फुगतात. चेहरा लालबुंद होतो, आग होते, कातडी सोलवटते. रुग्णाला वाटतं, मूळ आजार उफाळला. तो पुन्हा मलम लावतो, लवकरच बरं वाटतं आणि गाठ अधिकच घट्ट होते. याला स्टिरॉइड सुटल्याचा त्रास म्हणतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये याबद्दल डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही सावध केलं.

याशिवाय चेहऱ्यावर मुरमांसारखे फोड येणं, तोंडाभोवती बारीक पुरळ उठणं, नको तिथे लव वाढणं, कातडीचा रंग उतरणं हेही होतं. क्वचित कुणाला मलमातल्याच एखाद्या घटकाची ॲलर्जी होते. लावूनही चट्टा वाढतच गेला, तर हा संशयही घ्यायला हवा.

जागा बदलली की मात्रा बदलते

एकच मलम तळहातावर आणि गालावर लावलं, तर दोन वेगळ्या मात्रा दिल्यासारखं होतं. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ साली हे मोजलं. हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून लघवीतून किती बाहेर पडतं, ते त्यांनी पाहिलं. हाताच्या आतल्या बाजूला जेवढं औषध मुरतं ते १ धरलं, तर तळपायात ०.१४ एवढंच मुरलं. पाठीवर ते १.७ पट, डोक्याच्या कातडीत ३.५ पट, कपाळावर ६ पट आणि जबड्याच्या कोपऱ्यावर १३ पट मुरलं. अंडकोशाच्या त्वचेत तर ४२ पट.

म्हणून टाचेच्या भेगाळलेल्या इसबासाठी दिलेली ट्यूब चेहऱ्याला लावणं धोक्याचं असतं, आणि एकाची ट्यूब दुसऱ्याने वापरणं त्याहून धोक्याचं. पापण्यांची कातडी शरीरात सर्वात पातळ. तिथे तीव्र मलम दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे या भागाला वेगळं सांगायला नको. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी उभ्या केलेल्या नेत्र रुग्णालयाने ती घरोघरी पोचवली. पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पापणीवर महिनोन्‌महिने मलम लावणाऱ्याने डोळ्यांचा दाब तपासून घ्यायलाच हवा.

मलम लावून वर पट्टी, प्लॅस्टिक किंवा घट्ट कपडा बांधला की औषध कितीतरी जास्त आत जातं. बाळाच्या डायपरखालीही हेच होतं. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे अंगभर लावलेलं तीव्र मलम रक्तात उतरू शकतं. रक्तात बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. बाळाचा चेहरा गोल, गुबगुबीत होतो, वजन वाढतं, उंची मात्र खुंटते. घरच्यांना वाटतं, बाळ छान धरलंय. लंगोटाच्या जागी उठलेल्या पुरळावर घरातली मोठ्या माणसाची ट्यूब कधीच लावू नये, याचं कारण हे.

पुण्याने ओळखलेला इसब

गाजर गवताचा इसब आणि पुणे जिल्हा यांचं नातं जुनं आहे. मूळचं अमेरिका खंडातलं हे गवत भारतात पसरत असल्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातूनच झाली. पुढे पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत १९७४ साली या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. १९७६ साली त्यांनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांसह यामागच्या घटकावर काम मांडलं. पार्थेनिन नावाचा हा पदार्थ गवताच्या पानांवरच्या बारीक लवेत असतो. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो, म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो. इसबही उघड्या अंगावर उठतो: पापण्या, चेहरा, मानेची वळी, कोपराची खळगी. उन्हाने तो आणखी भडकतो.

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. हवेतून येणारा हा इसब जिथे उठतो, त्यातल्या बऱ्याच जागा औषध सर्वात जास्त शोषणाऱ्या आहेत. त्यात तो दरवर्षी परततो, कारण गवत दरवर्षी परततं. शेतकऱ्याच्या पापण्या आणि मान म्हणूनच या मलमांच्या अपायाला सर्वात जास्त उघड्या पडतात. ट्यूबमागून ट्यूब संपवण्यापेक्षा बांधावरचं गवत फुलायच्या आधी काढणं हा इथे खरा उपचार आहे. ते काढणारा माणूस मात्र ज्याला त्रास नाही असा असावा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवा. घरी आल्यावर आंघोळ करावी आणि शेतातले कपडे वेगळे धुवावेत. एवढं करूनही दरवर्षी त्रास होत असेल, तर पॅच टेस्ट नावाची तपासणी करून कारण पक्कं करता येतं, आणि त्वचारोगतज्ज्ञ मलमाखेरीज दुसरे उपचारही ठरवू शकतात.

गजकर्णावर हेच मलम

यापेक्षा मोठं नुकसान झालं ते खाज म्हणजे खाज, असं समजून गजकर्णावर हे मलम लावल्याने. गजकर्ण, म्हणजे नायटा, हा बुरशीचा संसर्ग. त्यावर स्टिरॉइड लावलं की खाज लगेच थांबते, कारण बुरशीशी झुंजणाऱ्या पेशीच शांत होतात. बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची गोल कड पुसट होते आणि डॉक्टरांनाही तो ओळखू येईनासा होतो. लपलेल्या गजकर्णाचं हे वर्णन आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ साली केलं होतं.

आपल्याकडे स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमं वर्षानुवर्षं दुकानातून सहज विकली गेली. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली लावली गेली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर गजकर्णाची जी चिवट साथ पसरली, तिच्यामागच्या कारणांत त्वचारोगतज्ज्ञ अशा मिश्रणांनाही धरतात. या साथीतल्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीलाही ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिच्या रुग्णांची नोंद झाली.

चेहऱ्याची गोष्ट वेगळी नाही. देशातल्या १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातले ४३३ जण स्टिरॉइडचं मलम लावत होते. यातले सुमारे २९ टक्के लोक ते रंग उजळवायला, रोजचं क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत होते. आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे आलेला फिकेपणा त्यांना गोरेपणा वाटत होता. पुढे मुरमं, लालसर जाळी, उन्हात आग आणि गालावर लव. या बिघाडाला डॉक्टरांनी स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असंच नाव दिलं आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध कृती दल उभारलं.

कायदाही बदलला. अनुसूची एचमधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण अंगावर लावायच्या औषधांना त्यात सूट होती. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ स्टिरॉइडांच्या मलमांची ही सूट काढून टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या ३२८ औषध-मिश्रणांत अशा काही मलमांचाही समावेश होता. नियम कागदावर आहे. तो दुकानाच्या काउंटरवर उतरवायचा असेल, तर गिऱ्हाईकानेही चिठ्ठीशिवाय ट्यूब मागणं सोडायला हवं. ट्यूबवरचं ‘आरएक्स’ चिन्ह आणि त्यासोबतची सूचना हेच सांगते.

स्टिरॉइड नसलेली मलमं

चेहरा, पापण्या, मान अशा नाजूक जागांसाठी डॉक्टर कधी कधी टॅक्रोलिमसचं मलम देतात. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली मिळालेलं हे औषध आधी अवयवरोपणासाठी वापरात आलं, मग इसबासाठी. त्याने कातडी पातळ होत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण पहिले काही दिवस लावल्यावर आग होते, खाजही वाढल्यासारखी वाटते. हे आधी सांगितलं नाही, तर रुग्ण दुसऱ्याच दिवशी ट्यूब टाकून देतो. बहुतेकांची ही आग काही दिवसांत, कातडी बरी होत जाते तशी कमी होते. दारू प्यायल्यावर काहींचा चेहरा लाल होतो. संसर्ग झालेल्या, पू असलेल्या जागी ते लावत नाहीत, आणि लावलेली जागा उन्हापासून जपायला सांगतात. दिवसभर रानात राबणाऱ्याने हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितलं पाहिजे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५-०६ मध्ये या मलमावर कर्करोगाच्या शक्यतेचा ठळक इशारा छापायला लावला. नंतर मुलांवर बरीच वर्षं केलेल्या पाहण्यांत तो धोका ठोसपणे वाढलेला दिसला नाही. इशारा कायम आहे, म्हणून लागेल तेवढंच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हा नियम याही मलमाला लागू.

बोटाचं माप

पातळसं लावा, या सूचनेचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो. त्यासाठी डॉक्टरांनी एक सोपं माप ठरवलं आहे. साधारण ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीवर, बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. ही रेघ म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला ती पुरते. चेहरा आणि मान मिळून अडीच रेघा, एका हाताला तीन, एका पंजाला एक, एका पायाला सहा आणि पावलाला दोन. मुलांचं माप वयाप्रमाणे कमी असतं, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावं. क्लोबेटासोलसारख्या अतितीव्र मलमाची मर्यादा सलग दोन आठवडे आणि आठवड्याला जास्तीत जास्त ५० ग्रॅम एवढीच आहे.

त्वचेला कोरडं होऊ न देणं हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग. पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टर सांगतील ते मॉइश्चरायझर आंघोळीनंतर ओलसर अंगावर, दिवसातून दोन-तीनदा आणि भरपूर लावावं. ते नेमाने लावणाऱ्याला स्टिरॉइडची गरज कमी पडते.

इथे एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी. हे सगळं वाचून कुणी आज रात्रीच आपली ट्यूब उकिरड्यावर टाकू नये. महिनोन्‌महिने लावलेलं तीव्र मलम एकदम थांबवलं तर त्रास होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू आणि सौम्य मलमावर येत सोडायचं असतं. भीतीपोटी मलम न लावण्याचंही नुकसान आहे. खाजेने रात्रभर न झोपणारं मूल, खाजवून खाजवून पिकलेली कातडी, शाळा आणि कामाचे बुडालेले दिवस हेही अपायच आहेत. योग्य ताकदीचं मलम, योग्य जागी, योग्य मापाने आणि ठरलेले दिवस लावलं, तर बहुतेक रुग्णांना वर सांगितलेल्यापैकी काहीच होत नाही.

औषध सुरू करताना आपण ‘दिवसातून किती वेळा?’ एवढंच विचारतो. या मलमांच्या बाबतीत आणखी चार प्रश्न विचारावेत. हे सौम्य आहे की तीव्र? अंगाच्या कुठल्या भागाला लावायचं नाही? किती रेघा? आणि थांबायचं कोणत्या तारखेला? चौथं उत्तर चिठ्ठीवर लिहूनच घ्यावं. त्या तारखेला चट्टा गेला असेल तर मलम बंद, गेला नसेल तर ट्यूब घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे. कारण ठरलेल्या दिवसांत न गेलेल्या चट्ट्याला बहुतेक वेळा अधिक मलम नको असतं. निदान पुन्हा तपासायला हवं असतं, नाहीतर बांधावरचं गवत काढायला हवं असतं.